शंखज मौक्तिक : रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतील एका वचनाची परीक्षा

मोत्यांच्या योनि आठ, असें आमच्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांचें सांगणें आहे. हत्ती, सर्प, शिंप, शंख, मेघ, वेळू, मत्स्य आणि वराह या आठांपासून मोती उत्पन्न होतो, असें वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत आहे. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेंत आहे. गरुडपुराणांतील रत्नविषयक अध्यायांत आहे. आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या भांडारांतील रत्नें स्वतः पाहून १३१५ सालीं प्राकृतांत रत्नपरीक्षा लिहिणाऱ्या ठक्कुर फेरूनेंहि ही गणना सोडलेली नाहीं. जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस ही यादी इतकी परिचित आहे कीं, ती दिसतांच पुढील पान उलटण्याची त्यांस संवय झाली असल्यास नवल नाहीं.

या आठांपैकीं शंखज मौक्तिकाविषयीं आज तीन मतें प्रचारांत आहेत, आणि तीं तिन्ही आमच्या समजुतीप्रमाणें सदोष आहेत. पहिलें मत श्रद्धाळूंचें. शास्त्रांत आठ योनि सांगितल्या, त्या अर्थीं आठही खऱ्या. आज सांपडत नाहींत हा कलियुगाचा दोष, असें तें मत. दुसरें मत चिकित्सकांचें. मेघांत व सर्पाच्या मस्तकांत मोती होत नाहीं हें उघड आहे. त्याच पंक्तींत शंख बसला आहे. म्हणून शिंप सोडून बाकीच्या सातही योनि कविकल्पना समजाव्या, असें हें मत. तिसरें मत अलीकडचें. पाश्चात्य दागिन्यांच्या सूचिपत्रांतून गुलाबी रंगाच्या शंखमोत्यांचीं चित्रें पाहून कित्येकांनीं असा निष्कर्ष काढला आहे कीं, आमच्या ग्रंथकारांनीं वर्णिलेला शंखज मोती तो हाच. या तिन्ही मतांत दोष एकच आहे. ग्रंथांतील वचनें एकेक घेऊन वस्तूशीं ताडून पाहण्याचे श्रम कोणीहि घेतलेले नाहींत.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं स्वतःचा दोष कबूल करणें प्राप्त आहे. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि त्यांतील बहुतेक काळ आम्ही दुसऱ्या मताचे होतों. एकदां सुभाषितांतील गजमौक्तिकाचा उल्लेख समजावून देतांना आम्हीं आठ योनींची यादी मुलांस सांगितली व ती सगळी कल्पना आहे असेंहि सांगितलें. मागच्या बांकावर एक सोनाराचा मुलगा होता. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, शंखांतला मोती माझ्या आजोबांनीं पाहिला आहे. चिनी मातीच्या मण्यासारखा असतो म्हणतात. त्याला पाणी नसतें." आम्हीं उत्तर दिलें, "मग ढगांतला मोतीहि आजोबांनीं पाहिला असेल!" वर्ग हंसला, मुलगा खालीं बसला, पुन्हां त्यानें आमच्या तासाला प्रश्न विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. सेवानिवृत्तीनंतर रत्नपरीक्षेचे ग्रंथ सावकाश वाचण्याची संधि मिळाली, तेव्हां आढळून आलें कीं, त्या आजोबांचें वर्णन ग्रंथांतील एका वचनाशीं शब्दशः जुळतें. तें वचन आम्हांस त्या दिवशींहि ठाऊक होतें. ठाऊक असून दिसलें नाहीं, हीच लज्जेची गोष्ट होय. प्रस्तुत लेख हें त्याचें थोडेंसें परिमार्जन समजावें.

प्रथम वस्तूचा विचार करूं. शंखांत मोती होतो काय, आणि होत असल्यास तो कसा होतो?

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपेंत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, ही जुनी समजूत सर्वांस माहीत आहे. वाळूचा कण आंत शिरतो व त्यावर पुटें चढून मोती होतो, ही नवी समजूतहि बहुतांशीं तशीच काव्यमय आहे. प्राणिशास्त्रज्ञ आज जें सांगतात तें असें. शिंप काय किंवा शंख काय, त्यांतील मऊ प्राण्याच्या अंगावर एक पातळ पडदा असतो. त्यास प्रावार म्हणतात. या पडद्याच्या बाहेरील पेशी चुनखडीच्या जातीचें द्रव्य स्रवून कवच बनवितात. कांहीं इजेनें अगर परोपजीवी जंतूच्या उपद्रवानें या पेशींतील कांहीं पेशी आपली जागा सोडून आंतल्या मांसांत ढकलल्या गेल्या, तर त्या तेथेंहि आपलें काम सोडीत नाहींत. त्यांची एक लहानशी पिशवी बनते, आणि कवचाचें द्रव्य त्या पिशवींत आंतल्या बाजूस थरावर थर सांचूं लागतें. तोच मोती. म्हणजे मोती हें भलत्या जागीं तयार झालेलें कवचच होय.

ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुगम होतें. जसें कवच तसा मोती, हा येथील नियम आहे. मोत्याच्या शिंपेला आंतून जो चकचकीत, इंद्रधनुष्याच्या छटा असलेला थर असतो, त्यास मुक्तास्तर म्हणूं. ती शिंप मोतीहि त्याच मुक्तास्तराचा करिते, आणि त्यामुळें त्यांत जव्हेरी ज्याला 'पाणी' म्हणतात तें खेळतें. शंख हा गोगलगाईच्या वर्गांतील प्राणी. आपल्या पूजेंतील शंखाला किंवा वेस्ट इंडीजच्या मोठ्या शंखाला आंतून मुक्तास्तर नसतो. त्याचा अंतर्भाग चिनी मातीच्या भांड्यासारखा गुळगुळीत असतो. म्हणून त्याचा मोतीहि चिनी मातीसारखा. त्यावर झिलई असते, पण आंतून उजळणारें पाणी नसतें. या कारणास्तव कांहीं रत्नशास्त्रज्ञ यास मोती हें नांव देण्यासहि संकोच करीत आले.

आज जगाच्या बाजारांत शंखमोती म्हणून ज्याची ख्याति आहे, तो कॅरिबियन समुद्रांतील एका शंखाचा. त्यास इंग्रजींत क्वीन काँक म्हणतात. लिनीअसनें १७५८ सालीं त्यास स्ट्राँबस गिगास हें शास्त्रीय नांव दिलें. हल्लीं आलिजेर गिगास असें म्हणतात. बहामा बेटें, टर्क्स आणि कैकोस, जमेका, बेलीझ, होंडुरास, निकाराग्वा, कोलंबिया या किनाऱ्यांवरील उथळ पाण्यांत, समुद्रगवताच्या कुरणांत तो राहतो. सुमारें एक फुटापर्यंत वाढतो. त्याच्या कवचाचा ओठ मोठा, पसरट व आंतून सुंदर गुलाबी असतो. त्याचे मोती गुलाबी, नारिंगी छटेचे, पांढरे, पिवळट व तपकिरीहि असतात. पैकीं गुलाबी मोत्यास मान अधिक. उत्तम मोत्याच्या पृष्ठावर ज्वालांसारखी नाजूक आकृति दिसते. मोत्यांतील ॲरागोनाइट नांवाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म तंतु एकमेकांस आडवे उभे रचलेले असतात, त्यांवरून प्रकाश परतल्यामुळें ही ज्वाला दिसते. पाण्याच्या सुमारें २.८५ पट त्याचें वजन भरतें. शिंपेचा मोती याहून किंचित् हलका. रंग मात्र टिकाऊ नव्हे. ऊन फार लागल्यास गुलाबी रंग विटतो.

या मोत्याच्या दुर्मिळतेविषयीं जो आंकडा सर्वत्र उद्धृत होतो तो असा कीं, दहा ते पंधरा हजार शंखांत एक मोती, आणि अशा दहा मोत्यांत एखादाच दागिन्यांत बसविण्याजोगा. आम्ही हा आंकडा उद्धृत करितों, पण त्याची जात वाचकांनीं ओळखावी. हा शंख मोत्यासाठीं कोणी धरीत नाहीं, मांसासाठीं धरितात. कोळी कवचाच्या शिखराजवळ भोंक पाडून, सुरीनें स्नायु तोडून, प्राणी बाहेर ओढून काढितो. मोती हातीं लागला तर लागला. कचऱ्याबरोबर समुद्रांत गेला तर गेला. तेव्हां हा आंकडा मोजणीचा नसून धंद्यांतील लोकांच्या अदमासाचा आहे. प्राचीन ग्रंथांतील आंकड्यांस आपण हंसतों. आधुनिक अदमास मात्र छापला गेला म्हणजे प्रमाण मानतों. दोन्हीस एकच कसोटी लावावी, हें उचित.

दुर्मिळतेचीं दुसरीं कारणें अधिक निश्चित आहेत. फार धरपकड झाल्यामुळें हा शंख पुष्कळ ठिकाणीं विरळ झाला. १९९२ सालीं सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत त्याचा समावेश होऊन त्याच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आले, आणि २०२४ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं त्यास संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घातलें. शिंपेंतील मोती कृत्रिम रीतीनें वाढविण्याची युक्ति जपानांत मिकिमोटोनें १८९३ सालीं प्रथम साध्य केली. शंखाच्या बाबतींत हें फार दिवस जमलें नाहीं, कारण प्राणी वळणदार कवचांत खोल शिरून बसतो व त्यास बाहेर काढूं गेल्यास मरतो. फ्लॉरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या हार्बर ब्रँच संस्थेंत हेक्टर आकोस्टा-साल्मोन व मेगन डेव्हिस यांस हें साधल्याचें २००९ सालीं जाहीर झालें. तोंपर्यंत बाजारांतील प्रत्येक खरा शंखमोती निसर्गानेंच केलेला होता.

युरोप व अमेरिकेंत व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत व विसाव्या शतकाच्या आरंभीं हे मोती हिऱ्यांबरोबर बसविण्याची आवड होती. न्यूयॉर्क येथें १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कुंझ व स्टीव्हन्सन यांच्या मोतीविषयक बृहद्ग्रंथांत त्यांस स्थान मिळालें आहे. पुढें आवड ओसरली. १९८७ सालीं फ्रिट्श व मिझिओरोव्स्की यांनीं 'जेम्स अँड जेमॉलॉजी' या त्रैमासिकांत या मोत्यांचा इतिहास व परीक्षा यांवर विस्तृत लेख लिहिला, त्याच सुमारास त्यांस पुन्हां चाहते मिळूं लागले.

आतां आपल्या शंखाकडे वळूं. देवपूजेंतील शंख हा वेगळ्या जातीचा. त्याचें शास्त्रीय नांव टर्बिनेला पायरम. मन्नारचें आखात, पाल्कची सामुद्रधुनी व काठेवाड-कच्छचा किनारा हीं त्याचीं स्थानें. पाणबुडे तळाशीं जाऊन तो आणितात. जेम्स हॉर्नेल यांनीं १९१४ सालीं मद्रास येथें प्रसिद्ध केलेलें या शंखाविषयींचें पुस्तक अद्याप संग्राह्य आहे. त्या काळीं दरसाल लाखों शंख बंगालकडे जात, व तेथील शांखारी लोक ते करवतीनें कापून बांगड्या करीत. वाचक विचारतील, एवढे शंख कापले जात असतां मोती कां सांपडले नाहींत? उत्तर सोपें आहे. मोती असतो मांसांत, आणि शंख करवतीखालीं येण्यापूर्वींच आंतील मांस निघून गेलेलें असतें. ज्यानें कवच जपलें त्याच्या हातीं मोती येत नाहीं. ज्याच्या हातीं येऊं शकला असता, तो त्याच्या शोधांत नव्हता. तथापि या शंखाचे मोती अगदींच अज्ञात नाहींत. रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळांनीं अशा थोड्या मोत्यांची नोंद केली आहे. तेहि मुक्तास्तरावांचून, चिनी मातीसारखे, आपल्या कवचाच्या अंतर्भागाच्या रंगाचे.

एवढी वस्तुस्थिति हातीं घेऊन ग्रंथांकडे जावें. सर्वांत जुनें वचन कौटिल्याचें. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत राजकोशांत घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेचा अध्याय आहे. त्यांत मोत्यांचीं उत्पत्तिस्थानें सांगून मोत्याच्या योनि तीन म्हटल्या आहेत : शिंप, शंख व प्रकीर्णक, म्हणजे इतर किरकोळ. येथें हत्ती नाहीं, मेघ नाहीं, सर्प नाहीं. ते पुढें टीकाकारांनीं 'प्रकीर्णक' या पदाच्या पोटांत भरले. कौटिल्य कोशाध्यक्षासाठीं लिहितो. त्यास माल पारखून घ्यावयाचा आहे. अशा ठिकाणीं शंखाचें नांव शिंपेबरोबर स्वतंत्र येतें, ही गोष्ट आमच्या चिकित्सक मित्रांनीं विचारांत घेतलेली दिसत नाहीं. पुढील यादींत शंखास मेघाच्या व सर्पाच्या शेजारीं बसविलें, हा यादी करणाराचा दोष, शंखाचा नव्हे.

दुसरें वचन वराहमिहिराचें. बृहत्संहितेच्या मुक्तालक्षणाध्यायांत तो शंखज मौक्तिक चंद्रासारखें, वाटोळें, तेजस्वी व मनोहर असल्याचें सांगतो. हें वर्णन सुंदर आहे. परंतु यांत असा एकहि शब्द नाहीं कीं ज्यावरून शंखज मोती शिंपेच्या उत्तम मोत्याहून वेगळा ओळखतां यावा. परीक्षेच्या ग्रंथांत ज्या लक्षणानें परीक्षा होत नाहीं, तें लक्षण नव्हे. ती स्तुति होय. तथापि यास सर्वस्वीं खोटें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. चांगला पांढरा शंखमोती वाटोळा असूं शकतो, आणि त्याच्या पृष्ठावरील झिलईस तेज म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें वाक्य कवीच्या लेखणीचें आहे; पारख्याच्या दृष्टीचें नव्हे.

त्याच अध्यायांत लगेच पुढें मात्र पारख्याची दृष्टि दिसते. शंख, वेळू, हत्ती इत्यादिकांपासून झालेलीं मौक्तिकें अवेध्य, म्हणजे भोंक न पाडण्याजोगीं, व त्यांचे गुण अमर्याद असल्यामुळें शास्त्रांत त्यांची किंमत सांगितलेली नाहीं, असें तो म्हणतो. हें वचन धार्मिक भावनेचें म्हणून सोडून देण्याची रीत आहे. परंतु त्या अध्यायाची मांडणी पाहावी. शिंपेच्या मोत्याची किंमत वराहमिहिर अत्यंत काटेकोरपणें देतो. चार माष वजनाचा एक उत्तम मोती ५३०० कार्षापणांचा, आणि तेथून वजन उतरत जाईल तशी किंमत उतरती. पुढें तो सरांचीं नांवें देतो : १००८ सरांचा इंद्रच्छंद, त्याच्या निम्म्याचा विजयच्छंद, २७ मोत्यांची नक्षत्रमाला. किंमतीचें कोष्टक होण्यास पुष्कळ माल पाहिजे. सर ओंवण्यास सारखे मोती पाहिजेत. शंखमोत्याच्या बाबतींत दोन्ही नाहींत. दोन शंखमोती रंगानें व आकारानें जुळणें हीच अपूर्वाई. मग सर कसचा? ज्यास सरांत स्थान नाहीं, त्यास भोंक पाडून काय करावयाचें? आजहि पाश्चात्य जव्हेरी हा मोती बहुधा न विंधतां कोंदणांत बसवितात. तेव्हां कारण सांगतांना वराहमिहिरानें गुणांची अमर्यादा सांगितली असली, तरी वस्तुस्थिति त्यानें बिनचूक नोंदविली आहे. बाजारांत जी वस्तु वारंवार येत नाहीं, तिचा भाव बांधला जात नाहीं.

तिसरें वचन, आणि आमच्या मतें या विषयांतील मुख्य वचन, रत्नपरीक्षेचें व गरुडपुराणाचें. १८९६ सालीं पॅरिस येथें लुई फिनो यांनीं रत्नशास्त्राचे ग्रंथ एकत्र छापल्यापासून, गरुडपुराणांतील हे अध्याय व बुद्धभट्टाचा ग्रंथ यांचें निकट नातें अभ्यासकांस माहीत आहे. म्हणून दोहोंचा विचार येथें एकत्र करितों. या परंपरेंत आठ योनि सांगून झाल्यावर प्रथमच बजावलें आहे कीं, यांत विपुल काय तो शिंपेचाच मोती. पुढें शंखज व गजज हे आठांत कनिष्ठ प्रतीचे ठरविले आहेत. वेळू, हत्ती, मत्स्य, शंख व वराह यांचे मोती बहुधा कांतिहीन असतात, तरी मंगलकारक म्हणून प्रशस्त, असेंहि म्हटलें आहे. आणि शंखज मोत्याचें लक्षण असें दिलें आहे कीं, त्याचा रंग त्याच्या योनीच्या अंतर्भागाच्या छटेसारखा असतो.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. कांति नाहीं, आणि रंग कवचाच्या आंतल्या बाजूचा. वर प्राणिशास्त्राच्या आधारें जें सांगितलें, तेंच हें. शंखाला मुक्तास्तर नाहीं म्हणून त्याच्या मोत्याला पाणी नाहीं. मोती हें कवचच म्हणून रंग कवचाचा. कारण ग्रंथकारास ठाऊक नव्हतें. त्याबद्दल तर तो अशी कथा देतो कीं, विष्णूच्या मुखाचा स्पर्श झालेल्या श्रेष्ठ शंखाच्या कुळांत जन्मलेल्या शंखांसच मोती होतात. ही कथा म्हणजे हजारों शंख फोडूनहि मोती कां मिळत नाहीं या प्रश्नास दिलेलें उत्तर आहे, आणि उत्तर म्हणून तें चुकीचें आहे. परंतु लक्षण चुकीचें नाहीं. केवळ कल्पनेनें मोती रचणारा मनुष्य त्यास कांतिहीन करीत नाहीं. तो त्यास चंद्रासारखा करितो. ज्यानें त्यास कनिष्ठ म्हटलें, कांतिहीन म्हटलें, व त्याचा रंग शंखाच्या पोटांत पाहावयास सांगितलें, त्यानें किंवा त्याच्या गुरूनें ती वस्तु हातांत घेतलेली असली पाहिजे. सोनाराच्या मुलाचे आजोबा तरी याहून निराळें काय सांगत होते?

या वचनाच्या पाठाविषयीं दोन शब्द. गरुडपुराणाच्या कांहीं छापील प्रतींत शंखज मोत्याचें प्रमाण सांगतांना 'लोल' फळाएवढें असा पाठ मिळतो. लोल नांवाचें फळ आम्हांस ठाऊक नाहीं. येथें 'कोल', म्हणजे बोर, हा पाठ धरल्यास अर्थ सरळ लागतो : मोठ्या बोराएवढा. देवनागरींतील जोडाक्षर वाचतांना 'त्को' चें 'ल्लो' होण्यास फारसा वेळ लागत नाहीं, हें पोथ्या वाचणारांस सांगावयास नको. ज्यांच्या संग्रहीं रत्नपरीक्षेच्या हस्तलिखित प्रती असतील, त्यांनीं हें स्थळ काढून पाहावें. प्रमाणाच्या बाबतींत मात्र ग्रंथकारानें हात सैल सोडला आहे. बहुतेक शंखमोती बोराच्या बीहूनहि लहान असतात. अपवादानें सांपडलेला मोठा मोतीच आठवणींत राहिला व तोच प्रमाण झाला, असें दिसतें.

आतां तिसऱ्या मताविषयीं. क्वीन काँक हा शंख आपल्या समुद्रांत नाहीं. तो पश्चिम अटलांटिकचा रहिवासी. कोलंबस १४९२ सालीं त्या बेटांवर उतरला, त्यापूर्वीं त्याचा मोती हिंदुस्थानांत येण्यास मार्ग नव्हता. म्हणून बृहत्संहितेंतील किंवा गरुडपुराणांतील शंखज मोती म्हणजे हल्लींचा गुलाबी शंखमोती, हें समीकरण त्याज्य होय. एखाद्या संग्राहकाच्या पेटींतील गुलाबी शंखमोती दाखवून तो प्राचीन म्हणून कोणी सांगेल, तर त्यानें ग्रंथाचा आधार पुढें करूं नये. ग्रंथ दुसऱ्या शंखाविषयीं बोलतो. दोहोंत साम्य आहे तें घडणीचें, जातीचें नव्हे. इतकेंच नव्हे, तर शंखाचें जाड कवच कापून, घासून वाटोळे केलेले मणीहि शंखमोती म्हणून खपविले जातात. भिंगाखालीं अशा मण्यांत कवचाचे समांतर पट्टे दिसतात. खऱ्या मोत्याचे थर मध्याभोंवतीं असतात.

उरलें पहिलें मत. शंखज मोती खरा ठरला म्हणून मेघज मोती खरा ठरत नाहीं. वेळूच्या पेरांत वंशलोचन नांवाचें पांढरें द्रव्य सांपडतें, हस्तिदंताच्या पोकळींत कधीं कधीं दंताच्याच द्रव्याची गोळी सांपडते. त्यांवरून त्या त्या योनींची कल्पना निघाली असावी, असा तर्क करितां येतो. परंतु ते पदार्थ मोती नव्हेत. प्रत्येक योनीची परीक्षा स्वतंत्र झाली पाहिजे. एका वचनाच्या सत्यतेवर दुसऱ्यास उधारी मिळत नाहीं, आणि एकाच्या असत्यतेचा दंड दुसऱ्यास भरावा लागूं नये.

आमच्या विवेचनांत एक दुबळी जागा आहे, ती लपवून ठेवणें योग्य नाहीं. संस्कृतांतील शंख हा शब्द एकाच जातीच्या प्राण्यास बांधलेला नाहीं. ब्रह्मदेश, सयाम व अनाम यांच्या किनाऱ्यांवरील मेलो नांवाच्या मोठ्या वर्तुळाकार शंखासहि मोती होतो, तोहि चिनी मातीसारखा, नारिंगी रंगाचा व कधीं कधीं बराच मोठा. बोराएवढ्या मोत्याचा उल्लेख अशा एखाद्या परदेशी मोत्यावरून आला नसेलच, असें आम्हांस छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. परंतु त्यानेंहि मुख्य मुद्दा ढळत नाहीं. कवचाच्या अंतर्भागाचा रंग व कांतीचा अभाव हें लक्षण या सर्व शंखमोत्यांस सारखेंच लागू पडतें; आणि म्हणूनच तें खरें लक्षण होय.

तात्पर्य, आठ योनींची यादी एकदम स्वीकारूं नये व एकदम टाकूंहि नये. जुन्या दौलतीच्या यादींत, खानेसुमारींत किंवा वैद्यकाच्या पोथींत शंखमोती असा शब्द आढळल्यास, तेथें शिंपेच्या मोत्याची नोंद चुकली असें गृहीत धरून तो दुरुस्त करण्याची घाई संपादकांनीं करूं नये. शब्द जसा आहे तसा छापावा. मग वस्तूचा विचार करावा. ज्या ग्रंथकारांनीं मेघांतील मोती सांगितला, त्यांच्यांतच एकानें शंखांतील मोती डोळ्यांनीं पाहून लिहिला होता. त्याचें वचन इतरांच्या गर्दींत शेंकडों वर्षें उभें राहिलें, आणि आम्हां शिकलेल्यांस तें ऐकूं आलें नाहीं. एका सोनाराच्या घरांत मात्र तें अनुभवानें जिवंत होतें. तो मुलगा आज कोठें असेल, आम्हांस ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या दृष्टीस पडलाच, तर त्याचे आजोबा बरोबर होते व त्याचे गुरुजी चुकले, हें त्यानें येथें लेखी वाचावें, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करितों.